आर्ट पोर्टफोलिओ: क्लास लावावा की घरीच जमेल? (ठाणे / नवी मुंबई)

मीनल_कोलशेत
नमस्कार मंडळी. लेक अकरावी कॉमर्सला आहे. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तेव्हापासून डोक्यात चित्रकलाच. आता म्हणते बारावीनंतर फाइन आर्टच करायचं, जमलं तर परदेशात, नाहीतर मुंबईचं जेजे स्कूल ऑफ आर्ट. सासर-माहेर दोन्हीकडे सात पिढ्यांत कोणी चित्रकार नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच प्रश्न.

घोडबंदर रोडवरच्या एका क्लासमध्ये चौकशी केली. सर म्हणाले, वर्षभरात पंधरा 'विनिंग' चित्रं तयार करून देऊ. फी लाखाच्या वर. आधीच्या मुलांचे पोर्टफोलिओ, म्हणजे प्रवेशासाठी निवडलेल्या चित्रांचे संच, दाखवले. सुंदर होते, खोटं कशाला बोलू. पण रिक्षात बसल्यावर लेक म्हणाली, "आई, ते सगळे एकाच मुलाने काढल्यासारखे नव्हते का गं?" तेव्हापासून माझं घोडं अडलंय.

तिच्याकडे सध्या काय आहे: ढीगभर ॲनिमे, लॉकडाऊनमधली मंडला (ती वही आता तिलाच बघवत नाही), शाळेतली स्टिल लाइफ, आणि एक फाटकी वही. त्यात ती टीएमटीच्या बसमधली माणसं काढते. ही वही मला दाखवत नाही.

तर, पोर्टफोलिओ कधीपासून सुरू करावा, त्यात काय असावं, आणि क्लास लागतोच का?

चिकू_शेक
ती फाटकी वही हाच पोर्टफोलिओ आहे. धागा संपला, दिवे घालवा :)

रंगारी_बदक
चिकू, थांब जरा. आधी मुळातला गोंधळ सोडवू.

मीनलताई, आपल्याकडे पदवीला बहुतेक ठिकाणी पोर्टफोलिओ मागतच नाहीत. प्रवेश परीक्षा असते. राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी सीईटी सेलची एएसी सीईटी आहे: ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाइन प्रॅक्टिकल आणि सामान्यज्ञान. डिझाइनकडे जायचं तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट, आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, आणि फॅशन शिकवणाऱ्या निफ्टची परीक्षा. निफ्टच्या सिच्युएशन टेस्टमध्ये सामान हातात देतात आणि सांगतात, बनवा काहीतरी. यातल्या कुठल्याही ठिकाणी घरून सजवून नेलेली पंधरा चित्रं कोणी बघत नाही. तिथे घड्याळ लावून काढायचा सराव लागतो.

जेजेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे तिथल्या प्रवेशाचं त्यांच्या त्या वर्षीच्या सूचनेतच बघा, माझ्यासारख्या जुन्या खोडाचं ऐकून ठरवू नका. मी शिकलो तेव्हाचं सगळं बदललंय, कॅम्पसमधली झाडं सोडून.

परदेशाचं गणित वेगळं. तिथे पोर्टफोलिओ हाच मुख्य कागद. म्हणजे तुमच्यापुढे दोन वेगळ्या तयाऱ्या आहेत. 'दोन्हीला चालेल' म्हणणाऱ्या क्लासवाल्याला विचारा की नेमकं कसं चालेल.

मीनल_कोलशेत
अरे बापरे! हे त्या सरांनी सांगितलंच नाही. मला वाटत होतं, जेजेला पण फाइल घेऊन जायचं असतं.

नौपाड्याचे_सर
मी निवृत्त चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती मुलं बसवली याची मोजदाद नाही. आजकाल या परीक्षांना नाकं मुरडायची फॅशन आहे. तांब्या, दोन कांदे आणि मागे सुरकुतलेला पडदा, यावर सगळे हसतात. पण तांब्याच्या तोंडाची लंबवर्तुळं दोन्ही बाजूंनी सारखी आणण्यात ज्याचा हात बसला, त्याला पुढे काहीही काढता येतं. ज्यांना तांब्या येत नाही ते 'माझी स्टाइल आहे' म्हणतात.

पोर्टफोलिओत ऑब्झर्वेशन ड्रॉइंग भक्कम असावं. समोर वस्तू ठेवून, माणूस बसवून काढलेलं. फोटोवरून नाही. शिकवणारा चांगला असेल तर क्लास वाईट नसतो. सरसकट सगळ्या क्लासना झोडपू नये.

रंगारी_बदक
सर, नमस्कार. तांब्याबद्दल शंभर टक्के सहमत, मीही त्यावरच वाढलो. पण पोर्टफोलिओत पंधरा तांबे घालता येत नाहीत. बघणाऱ्याला पहिल्या दोन-तीन चित्रांत कळतं की हात तयार आहे. मग त्याचा पुढचा प्रश्न असतो, हे पोर बघतं काय? आणि क्लासच्या पोर्टफोलिओत नेमकं तेच नसतं. विषय सरांचा, रंगसंगती सरांची, शेवटचा हातही सरांचाच.

नौपाड्याचे_सर
शेवटचा हात सरांचा असेल तर तो शिक्षक नव्हे, ठेकेदार. तिथे आपलं एकमत.

वाशीची_मावशी
माझ्या भाच्याचं सांगते. वाशीतल्या एका क्लासमधून पोर्टफोलिओ केला. क्लासचं नाव लिहीत नाही. ऑनलाइन मुलाखतीत बाईंनी एका चित्राबद्दल विचारलं, "या बाईचा चेहरा तू हिरवा का केलास?" याला उत्तर येईना. कारण हिरवा सरांनी केला होता! हा म्हणाला, "आय लाइक ग्रीन." पुढे त्या बाईंनी एकूण एक चित्राबद्दल विचारलं. प्रवेश मिळाला नाही. आता तो इथेच ॲनिमेशन शिकतोय आणि मजेत आहे, पण हिरवा शर्ट दाखवला तरी चिडतो.

चिकू_शेक
आय लाइक ग्रीन =)) =))

स्वराली_ए
मी ऐरोलीची, सध्या अमेरिकेत फाइन आर्टच्या दुसऱ्या वर्षाला. थोडं मोठं लिहिते, कारण मला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं.

प्रत्येक कॉलेजचे आकडे वेगळे असतात, आधी ते काढा. र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनला १२ ते २० कामं लागतात. बाकी कोणी दहा मागतं, कोणी पंधरा. 'वीसपर्यंत' लिहिलंय म्हणून वीस भरायचीच असं नाही. बारा चांगली आणि आठ भरतीची असली की लक्षात भरतीचीच राहतात. ब्रिटनला यूकॅस या सामायिक अर्जाच्या पोर्टलवरून पाच कोर्सना अर्ज करता येतो. तिथे कितीतरी मुलं बीएच्या आधी वर्षभराचं फाउंडेशन करतात. बारावी कॉमर्समधून येणाऱ्या, ज्यांना अजून पेंटिंग की ग्राफिक हे ठरलेलं नाही, त्यांना ते वर्ष फार उपयोगी पडतं.

अर्ज बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास जातात, म्हणजे तुमच्या बारावीच्या बोर्डाच्या तोंडावर. त्यामुळे काम बारावीच्या दिवाळीपर्यंत हातावेगळं हवं. आत्ता अकरावीत आहे ना, मग भरपूर वेळ आहे.

आत काय असावं? मी ठेवलं ते सांगते. थोडी निरीक्षणातून काढलेली चित्रं. थोडी माझ्या मनातल्या एका विषयावर. माझा विषय आमच्या सोसायटीचे वॉचमन होता. त्यांच्या केबिनमधलं कॅलेंडर, डबा, टेबलफॅन, नोंदवही. आणि स्केचबुकाची पानं, अगदी खाडाखोडीसकट. मुलाखतीत सगळ्यात जास्त बोलणं त्या पानांवर झालं. एका पानावर मी बाजूला 'हात चुकलाय, परत' असं मराठीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ विचारला.

ॲनिमेबद्दल: फॅन आर्ट, म्हणजे दुसऱ्याचं पात्र जसंच्या तसं, अजिबात नको. पण ॲनिमेतून शिकलेली रेघ आपल्या माणसांवर वापरली असेल तर का नको? मंडला मात्र राहू दे. पिंटरेस्टवरून उचललेलं त्यांना लगेच ओळखू येतं, ते दिवसभर हेच बघत असतात.

आणि मीनलकाकू, ती वही मागू नका. तिची ती ठरवेल त्यातलं काय बाहेर काढायचं.

अनघा_नेरुळ
स्वराली, वॉचमनचा विषय फार आवडला. ती चित्रं त्या काकांनी बघितली का?

स्वराली_ए
हो. एकांनी सांगितलं, "बाकी ठीक आहे, पण आमचा फॅन इतका घाण नाही." दुसऱ्या दिवशी पुसून ठेवला होता, मग माझा संदर्भच गेला :(

घरचा_अहेर
एक सुचवू का? बाहेरच्या लोकांना आपली संस्कृती आवडते. तीन-चार वारली घाला, एखादी पैठणीतली बाई, गणपती. वेगळेपणा दिसतो.

डहाणूकर_नव्हे_डहाणूचा
घरच्या अहेरवाले, राग मानू नका, पण हा सल्ला नको. मी डहाणू तालुक्यातला. २०१४ पर्यंत आम्हीही ठाणे जिल्ह्यातच होतो, म्हणून या धाग्यावर बोलायचा हक्क आहे. आमच्याकडे लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात. सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढतात, मधे पालघट देवी असते. ती देवाची जागा आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे कागदावर काढू लागले तेव्हा त्यांनी त्यात स्वतःचं बघणं आणलं, मासेमारीचं जाळं अख्ख्या कागदभर पसरलं. २०११ ला पद्मश्री मिळाली ती उगाच नाही. कोलशेतच्या टॉवरमधल्या मुलीने त्रिकोणाची माणसं गोल नाचवली, तर ती कुर्त्याच्या काठावरची नक्षी होते. तिने मनापासून शिकून, जाऊन, राहून केलं तर गोष्ट वेगळी. 'भारतीय दिसावं' म्हणून नको.

घरचा_अहेर
पटलं. पैठणीही मागे घेतो. गणपती ठेवू का?

चिकू_शेक
गणपती अकरा दिवस ठेवा, मग विसर्जन.

रंगारी_बदक
डहाणूच्या भाऊंना +१. यावर एक भर. त्या टॉवरमधून तिला जे दिसतं ते कोणी काढलंय का? एका बाजूला खाडी, एका बाजूला येऊरचा डोंगर, मधे मेट्रोचे खांब आणि पत्रे. टीएमटीतली माणसं ती काढतेच आहे. तिचा विषय तिच्या पायाशी पडलाय.

हिशेबी
मी सीए आहे, चित्रातलं शून्य कळतं. पण कोणी पैशाचं बोललंच नाही. क्लासचे लाख बाजूला ठेवा, खरा खर्च चार वर्षांच्या फीचा आणि राहण्याचा. इंग्लंडमध्ये बीए साधारण तीन वर्षांचं, अमेरिकेत चार, तिथेच एका वर्षाचा फरक पडतो. शिवाय प्रत्येक अर्जाची फी, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा. अमेरिकेतली काही आर्ट कॉलेजं पोर्टफोलिओ बघून स्कॉलरशिप देतात. म्हणजे पोर्टफोलिओवर घातलेला वेळ पैशातही परत येऊ शकतो. आधी यादी करा, प्रत्येक ठिकाणची फी रुपयांत लिहा, मग मुलीला दाखवा. मुलांना हिशेब कळत नाही असं आपण उगाच समजतो.

बर्लिन_व्हाया_बेलापूर
मग जर्मनी बघा ना. सरकारी कला अकादम्यांना बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये मात्र युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो लागतात. तिथे पोर्टफोलिओला 'माप्पे' म्हणतात आणि प्रवेशाचा सगळा भार त्यावर. पण दोन खड्डे आहेत. जर्मन भाषा शिकावी लागते, नुसतं 'गुटन टाग' पुरत नाही. आणि आपल्या नुसत्या बारावीवर बहुतेक वेळा थेट प्रवेश मिळत नाही, मधे एक वर्ष जातं. आत्ता अकरावीतच जर्मनचा क्लास लावला तर जमण्यासारखं आहे.

अवांतर: मी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वाढलो. चार्ल्स कोरियांनी आखलेली वसाहत. लहानपणी वाटायचं, इथे राहिलं की आपोआप आर्टिस्ट होतो. मी लॉजिस्टिक्समध्ये आहे.

खाडीकाठ
हातात वेग आणायचा तर फ्लेमिंगो काढा. ऐरोलीच्या बाजूला खाडीवर, नाहीतर नेरुळला टीएस चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या कॉलेजच्या मागे. थंडीत येतात, मे महिन्यापर्यंत सापडतात. पक्षी तुमच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे खोडायला वेळच मिळत नाही. मान वाकलेली, मान वर, एक पाय. तासाभरात दहा पानं भरतात. भरतीची वेळ बघून जा, ओहोटीला ते लांब चिखलात जातात.

अनघा_नेरुळ
आणि त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो हे माहीत आहे का? तिथल्या शेवाळातून. आमच्या बाजूच्या पाणथळीवर तर...

खाडीकाठ
अनघाताई, पाणथळींवर वेगळा धागा काढू, नाहीतर या मुलीचं ॲडमिशन राहील बाजूला.

पडदा_पाडा
कोणीच फोटो काढण्याबद्दल बोललं नाही, म्हणून लिहितो. मी प्रॉडक्ट फोटोग्राफी करतो, तुर्भ्यात स्टुडिओ आहे. चांगलं चित्र वाईट फोटोने मेलेलं रोज बघतो.

फ्लॅश नको. ट्यूबलाइट तर नकोच, कागद पिवळा-हिरवा होतो. ढगाळ दिवशी खिडकीजवळ, थेट ऊन नसताना काढा. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, म्हणजे चित्राची दुसरी बाजू काळवंडत नाही. चित्र भिंतीला सपाट, फोन त्याला समांतर. फोन फार जवळ नेऊ नका, थोडं मागे जाऊन दोन पट झूम करा, नाहीतर चित्राच्या कडा फुगतात. काच लावलेलं चित्र काचेतून बाहेर काढा. नंतर कडा कापा आणि शेजारी खरं चित्र ठेवून रंग जुळवा. फिल्टर वापरलात तर मी शोधून काढीन.

चारकोलला फिक्सेटिव्ह (कोळशाची पूड कागदावर धरून ठेवणारा स्प्रे) मारा, हेअरस्प्रे नको, काही दिवसांनी कागद पिवळा पडतो. आणि ही मुंबईची हवा. जून ते सप्टेंबर जलरंग वाळत नाही, कागद फुगतो, बुरशीचे ठिपके येतात. चित्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका. काम झालं की त्याच आठवड्यात फोटो. पावसाळ्यानंतर काढू म्हणणाऱ्यांची चित्रं मी बघितली आहेत.

वाशीची_मावशी
हे फार उपयोगाचं. वाचनखूण ठेवली.

नौपाड्याचे_सर
यांत भर. चित्राखाली माध्यम, आकार, वर्ष लिहावं. पहिलं आणि शेवटचं चित्र सगळ्यात दमदार हवं. आणि कागद बरा घ्या, पण महागड्याच्या मागे लागू नका. महाग कागदावर मुलं घाबरून काढतात. साधा कार्ट्रिज दस्त्याने आणून ठेवावा.

एआय_भक्त
एवढा खटाटोप कशाला? प्रॉम्प्ट टाका, पंधरा मिनिटांत पंधरा चित्रं.

स्वराली_ए
टाका की. मग मुलाखतीत "आय लाइक ग्रीन" म्हणा. थट्टा सोडा, एआयबद्दल प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा आहे, तो वाचूनच पुढे जायचं. न सांगता वापरणं म्हणजे आपण होऊन दार लावून घेणं.

मीनल_कोलशेत
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभराने लिहितेय कारण घरात घमासान चालू होतं. लेकीने धागा वाचला. आधी चिडली, "माझ्या वहीबद्दल अख्ख्या जगाला सांगितलंस!" मग स्वरालीचा प्रतिसाद वाचून गप्प झाली, मग तो तिने बाबांना मोठ्याने वाचून दाखवला.

सध्या ठरलं ते असं. जेजेसकट इथल्या परीक्षा देणारच, त्यासाठी मेमरी ड्रॉइंगचा सराव घड्याळ लावून. बाहेर ब्रिटनचं फाउंडेशन आणि अमेरिकेतली दोन, यापेक्षा जास्त नाही. हिशेबींनी सांगितल्याप्रमाणे रुपयांतली यादी केली. ती बघून तिनेच एक कॉलेज खोडलं, मला बोलावं लागलं नाही. जर्मनी तिला आवडलं, पण जर्मन नको म्हणे.

क्लासला 'नको' असं कळवलं. तर सर म्हणाले, "मॅडम, पंचवीस टक्के कमी करतो." मग म्हणाले, बारा चित्रांचं छोटं पॅकेज पण आहे.

चिकू_शेक
तीन तांब्यांवर एक कांदा फ्री?

रंगारी_बदक
मीनलताई, एकच राहिलं. क्लास नको, पण तिचं काम बघणारं कोणीतरी हवं. महिन्या-दोन महिन्यांतून कोणीतरी परखड बोललं पाहिजे. आईबाप चांगलंच म्हणणार, मैत्रिणी हार्ट टाकणार. आणि दुसऱ्यांची खरी कामं बघायला मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी, एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय), भाऊ दाजी लाड संग्रहालयाला जाऊ दे. फोनवर बघितलेल्या चित्राचा आकार कळत नाही.

मीनल_कोलशेत
तेच विचारणार होते. असं कोणी मिळेल का ठाण्यात? फी देईन, फुकट नको.

नौपाड्याचे_सर
फी कसली घेऊन बसलात! आम्ही काही मंडळी रविवारी सकाळी तलावपाळीला बसतो काढायला. कोपिनेश्वराच्या बाजूला असतो, सातला. तिला पाठवा. दोन अटी. फोन पिशवीत राहील, आणि मी 'वाईट' म्हटलं तर रडायचं नाही. एखाद्या रविवारी जांभळी नाक्याला फुलवाल्यांच्यात पण बसतो. तिथल्या बायका चित्रात नथ बरोबर आली नाही तर परत काढायला लावतात, त्या माझ्याहून कडक आहेत.

स्वराली_ए
सर, मी डिसेंबरमध्ये घरी येतेय. मी आले तर चालेल?

नौपाड्याचे_सर
यावं की. अमेरिकेतल्या कॉलेजवाल्यांनाही तांब्या काढावा लागेल.

घरचा_अहेर
चित्र येत नाही, पण काढून झाल्यावर मामलेदारची मिसळ असेल तर मी पण येतो.

नौपाड्याचे_सर
मिसळ असते. बसायचं स्टूल आपापलं आणा, कट्टा सकाळी ओला असतो.